पेट स्कॅनमध्ये मेंदू ‘ठीक’, तरी एमआरआय कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या निपाणी भागात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘बिडी ओढत होता काय?’ माझ्या चुलत भावाची उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेली, त्यामुळे आमच्याकडे तेवढंही कुणी विचारलं नाही. (बिडीला कधी हात न लावलेल्या, चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायकांनाही हा आजार गाठतो, हे जाता जाता.)

निदान झालं, कॅन्सर अंगात कुठं कुठं पसरलाय ते बघणारा पेट स्कॅन झाला. रिपोर्टात मेंदूबद्दल वावगं काही नव्हतं. तरी डॉक्टरांनी चिठ्ठीवर मेंदूचा एमआरआय लिहिला, तोही कॉन्ट्रास्टचा. घरात कुजबुज सुरू झाली, की एवढा महागडा स्कॅन झालाय, आता हा कशाला? कमिशन असणार. भाऊ म्हणाला, “डोस्कं दुकतंय कुठं माझं?” त्या कुजबुजीत मीही होतो. दीड महिना असाच गेला. मग जिना उतरताना त्याचा तोल एकाच बाजूला जायला लागला. एमआरआय केला, तर लहान मेंदूत दोन गाठी.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते आधीच विचारायला हवं होतं. पेट स्कॅनमध्ये टोचतात ती एक प्रकारची साखर. कॅन्सरच्या पेशी ती अधाशासारखी खातात म्हणून चमकतात. पण मेंदूचा खुराकही साखरच, तो सगळाच उजळलेला दिसतो. त्या उजेडात बारीक ठिपका हरवतो. कॉन्ट्रास्टच्या एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत घट्ट असते, गाठीपाशी मात्र ती गळकी होते. औषध तिथं झिरपतं आणि काही मिलिमीटरची गाठही पांढरी उठून दिसते. साध्या सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या जाड हाडाजवळच्या अशा गाठी सुटू शकतात. आणि दुसरीकडून मेंदूत येऊन बसणाऱ्या गाठींत फुप्फुसाच्या कॅन्सरचा वाटा सगळ्यात मोठा. डोकं दुखत नाही, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

म्हणजे प्रत्येकालाच हा स्कॅन लागतो असं नाही. अगदी सुरुवातीच्या, लहान गाठीत डॉक्टर कधी तो टाळतातही. पण ‘स्मॉल सेल’ या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या झपाट्यानं पसरणाऱ्या प्रकारात आणि आजार पुढं सरकलेला असेल तेव्हा तो करायचाच. गाठी थोड्या आणि लहान असताना सापडल्या तर नेमक्या त्याच जागी रेडिएशन देता येतं. सगळ्या मेंदूला दिलं की स्मरणशक्तीला झळ पोचू शकते. काही रुग्णांच्या गाठीत ठरावीक जनुकीय बदल सापडतो, त्यांना मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्याही आहेत. एमआरआयला जाण्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का याची रक्ततपासणी करावी, आणि पेसमेकर असेल तर आधीच सांगावं.

आमच्या सीमाभागातली अडचण निराळीच. रिपोर्ट इंग्रजीत, फॉर्म कन्नडमध्ये, घरातलं बोलणं मराठीत. या तिन्हींच्या मध्ये चिठ्ठीवरची एक ओळ पडून राहते. पेट कशासाठी आणि एमआरआय कशासाठी, एवढं सांगणारं एक पान मराठी-कन्नडमधून रुग्णाच्या फाइलला लावायला दवाखान्यांना कितीसा खर्च येईल? आपल्या अंकातूनही एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाकडून यावर लिहवून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, निपाणी