बाबांच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

बाबांच्या ऑपरेशनची तारीख मी घेऊन टाकली आहे. पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आई "त्यांच्या कलाने घे" म्हणाली असतीस, आणि विषय पुन्हा मागे पडला असता. तुम्हाला न विचारता ठरवलं याची बोच मनात आहेच. पण मागच्या वेळचा तो ताप आणि ती हुडहुडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खडा किडनीतून बाहेर पडायच्या वाटेवरच अडून बसलाय. त्याच्यामागे लघवी साचते आणि साचली की जंतुसंसर्ग होतो. पुढच्या वेळी तो रक्तात पसरला तर आधी जीव सांभाळायची धावपळ, खड्याचं सगळं नंतर. तुमची तब्येत आज बरी आहे, म्हणूनच आज करायचं.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. "एक्स-रेत काही नाही, मग खडा आला कुठून?" मागे पडलेला बारीक खडा आपण तपासायला दिला होता, आठवतं? तो युरिक ॲसिडचा निघाला. तसला खडा साध्या एक्स-रेत दिसतच नाही. सोनोग्राफीत दिसतो, सीटी स्कॅनमध्ये दिसतो. विरघळवायची औषधं तुम्ही न चुकता घेतलीत, आणि तो झिजलाही, पण अजून २४ मिलिमीटरचा आहे. २० मिलिमीटरच्या वरच्या खड्याला पाठीकडून छोटं छिद्र करून दुर्बिणीने काढणं हाच पहिला उपाय मानतात. बाहेरून धक्के देऊन फोडण्याबद्दलही मी विचारलं. एवढ्या मोठ्या खड्याचे तुकडे वाटेत अडकतात, शिवाय तुमची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. म्हणून ते नको.

आणि काकांच्या वेळेसारखं यात काही नाही. तो लांबलचक छेद, ते टाके, ते सगळं विसरा. तुमचं छिद्र साधारण ६ मिलिमीटरचं असेल.

आता मी हेच डॉक्टर का निवडले ते सांगते, कारण आई विचारणारच. पाठीतून किडनीत सुई नेमकी घालणं हा या ऑपरेशनमधला सगळ्यात नाजूक भाग. बहुतेक ठिकाणी ती एक्स-रेच्या पडद्यावर बघत घालतात. तेही उत्तम करतात, मी रोज त्यांच्याबरोबर उभी असते. पण एक्स-रेत किडनीचा आराखडा दिसतो, सुई आणि किडनी यांच्या मधे काय आहे ते दिसत नाही. बाबांची डावी किडनी आहे. तिच्या शेजारी मोठं आतडं, वर प्लीहा, त्याच्याही वर फुप्फुसाचं आवरण. हे डॉक्टर सुई सोनोग्राफीत बघत घालतात. तिच्यात हे सगळं सुई टोचण्याआधी दिसतं आणि टोचतानाही दिसत राहतं. बाबा, भिंतीत खिळा ठोकण्याआधी आतून वायर कुठून गेलीय हे तुम्ही आधी तपासायचात आणि तोवर आम्हाला हातोडीला हात लावू द्यायचा नाहीत. हे डॉक्टर तसेच आहेत.

मी मुद्दाम त्यांच्या दोन ऑपरेशनना उभी राहिले. पेशंटला भूल दिल्यावर खालून एक बारीक नळी किडनीपर्यंत नेतात आणि तिच्यातून सलाईन सोडतात, म्हणजे आतल्या पोकळ्या फुगतात. पडद्यावर पाणी काळं दिसतं, खडा पांढरा लखलखीत, आणि खड्याच्या मागे काळी सावली. मग रंगीत डॉपलर लावून रक्तवाहिन्या कुठून जातात ते बघतात आणि त्यांना चुकवून वाट ठरवतात. सुई आत जाताना पांढरी रेघ पुढे सरकते. त्यांनी दोनदा हात थांबवला, प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, किंचित कलता केला, टोक पुन्हा दिसलं तेव्हाच पुढे गेले. शेवटी सुईतली काडी ओढून काढली आणि सुईच्या तोंडाशी स्वच्छ थेंब आला. जागा बरोबर मिळाली याची ती खूण. सगळ्या खोलीचा श्वास तिथे मोकळा होतो, आणि मी त्याच क्षणी मनात तुमची तारीख ठरवली.

प्रयोग तुमच्यावर करताहेत असं म्हणू नका. सोनोग्राफीत बघून किडनीत नळी घालणं १९७४ मध्येच छापून आलं होतं, आणि पाठीतून खडा काढायची पद्धत स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये मांडली. म्हणजे दोन्ही गोष्टी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या.

त्यांनी उणी बाजूही मोकळेपणाने सांगितली, म्हणून माझा विश्वास बसला. सुईचं टोक कधी कधी पडद्यावरून हरवतं. अंगाने जाड असलेल्यांची किडनी खोल असते, नीट दिसत नाही. किडनी फुगलेली नसेल तर शिरायला जागा कमी मिळते. आणि हात तयार हवा, तो दिवसात तयार होत नाही. तुम्ही सडपातळ आहात, आणि साचलेल्या लघवीमुळे किडनी फुगलीय, त्या दुखण्याचा इथे उपयोगच होईल. एक्स-रेचं मशीन खोलीत तयार असेलच. वाट रुंद करताना गरज पडली तर काही सेकंद वापरू, असं ते म्हणाले. तुमच्या वयात तेवढ्या किरणांनी काही बिघडत नाही. आई, शिशाचा जड एप्रन दिवसभर घालून माझे खांदे भरून येतात म्हणून तू हळहळतेस ना, अशा ऑपरेशनला तो बराच वेळ बाजूला ठेवता येतो. पण मी निवड केली ती बाबांसाठीच.

बाबांना पालथं झोपवलं तर दम लागेल ही तुझी काळजी मी भूलतज्ज्ञांच्या कानावर घातली आहे. पाठीवर, थोडं कुशीवर कलतं ठेवूनही हे ऑपरेशन करता येतं, आणि तसंच करायचा त्यांचा विचार आहे.

खोली दोघांची घेतली आहे. आईचा पलंग खिडकीकडे, बाथरूम चार पावलांवर, कमोडला धरायला दांडी. मी स्वतः बसून पाहिलं, उंची ठीक आहे. बाबांचं कानाचं यंत्र थिएटरच्या दारापर्यंत कानातच राहील आणि शुद्धीवर आल्याबरोबर मीच लावेन, म्हणजे पहिला आवाज माझाच ऐकू येईल. माझ्या हनुवटीला टाके घालताना तुम्ही दोन्ही हातांनी माझं डोकं धरून ठेवलं होतंत, आणि डॉक्टरांपेक्षा मोठ्याने आकडे मोजत होतात. मी रडायचं विसरून तुमच्याबरोबर मोजू लागले होते. भूल देताना मी तिथे असेन. तुम्हीही मोजा.

आता ऐका, यात सूट नाही. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयाचे डॉक्टर आणि हे डॉक्टर मिळून दिवस ठरवतील, तो मी आईला सांगेन. लघवीचं कल्चर आठवडाभर आधी द्यायचं आणि जंतू निघाले तर अँटिबायोटिक शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायची, बरं वाटलं तरी. ताप आला तर लपवायचा नाही, बाबा! ऑपरेशननंतर लघवी काही दिवस गुलाबी दिसेल, त्याला घाबरायचं नाही. पण लालभडक झाली, गुठळ्या पडल्या किंवा थंडी वाजून ताप भरला तर रात्री दोन वाजताही मला उठवायचं. आत बारीक स्टेंट, म्हणजे लघवी उतरायला तात्पुरती नळी, ठेवला तर लघवीला सारखं जावंसं वाटेल, जळजळेल. त्रास थांबला म्हणून स्टेंट आत विसरायचा नाही. विसरलेल्या स्टेंटवरच खडे धरतात, मी पाहिलेत. काढायची तारीख कॅलेंडरवर आईच्या अक्षरात हवी. आणि पुढे आयुष्यभर पाणी इतकं, की दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मीठ कमी. दूध मात्र कुणी सांगितलं म्हणून सोडू नका.

एखादा बारीक कण मागे राहू शकतो, कधी रक्तही द्यावं लागतं. हे तुम्हाला आत्ताच सांगते, नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. यासाठीची सगळी तयारी तिथे असते.

बाबा, तुम्ही ठाम नाही म्हणालात तर मी तारीख परत करेन, ओढून नेणार नाही. पण नाही म्हणण्याआधी एकदा त्या डॉक्टरांसमोर बसा आणि खिळ्याच्या वेळी विचारायचात तसे सगळे प्रश्न विचारा. सोमवारी दुपारची वेळ घेतली आहे. आई, सीटी स्कॅनची सीडी कपाटात वरच्या खणात जुन्या पाकिटात आहे, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या डब्यासकट आण, नुसती यादी नको.

तुमची,
मनू