तिकिटाचे पैसे कुणी दिले?

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून वर्षभर हिंडायचं आणि मग प्रवासलेखिका व्हायचं, हे तू बाबांना फोनवर सांगितलंस आणि मला ते बाबांकडून कळलं. असो. बाबा म्हणतात, "हे काय काम झालं?" तू म्हणतेस, "हेच काम. मीना प्रभूंनी नाही का केलं?" मला दोघांचंही पटलेलं नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला एक खोड लागते. प्रवासाचं पुस्तक वाचतानाही मी जमाखर्च शोधते. हिच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले? ही हिंडत होती तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांचं कोण करत होतं? मूल कुणापाशी होतं? पुष्कळ पुस्तकांत हे सरळ लिहिलेलं नसतं, पण दुसरं पुस्तक उघडलं की सापडतं. नगरवाचनालयातून गेली काही वर्षं मी असली पुस्तकं आणत आलेय, तेव्हा मला यातलं थोडंफार कळतं असं धरून चाल.

मीना प्रभूंचंच घे. त्या पेशाने डॉक्टर. 'माझं लंडन' लिहिलं ते त्या शहरात कित्येक वर्षं संसार आणि काम करून झाल्यावर. 'इजिप्तायन', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' ही सगळी त्यानंतरची. २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा तू मला त्यांचे फोटो पाठवले होतेस, सगळे कुठल्या ना कुठल्या देशातले. दवाखान्यातला एकही नव्हता. तू बघतेस ती त्यांची दुसरी पाळी आहे, पहिली कुणी दाखवत नाही.

आपल्याकडे प्रवासलेखिका म्हटलं की पंडिता रमाबाईंचं नाव कुणी घेत नाही, याचा मला मनापासून राग येतो. शाळेत त्यांना समाजसुधारकांच्या रांगेत उभं करून टाकतात आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे १८८९ चं पुस्तक राहून जातं. या बाईचं बालपणच वाटेवर गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांच्या मनातून उतरलेले, मग गंगामूळच्या रानात आश्रम, मग तीर्थामागून तीर्थ पुराण सांगत पायी फिरणं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले. भाऊबहीण चालत राहिली ती कलकत्त्यापर्यंत. पुढे लग्न, दीड-दोन वर्षांत वैधव्य, हातात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा भाड्याचे पैसे कुठले? 'स्त्रीधर्मनीती' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेले. म्हणजे पुस्तकावर तिकीट काढता येतं, हे एक उदाहरण मी तुझ्या बाजूने प्रामाणिकपणे मांडते. पण पुढचंही वाच. तिकडे पोचल्यावर त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या आणि स्वतः इंग्रजी, गणित शिकत होत्या. मनोरमेला अधूनमधून वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे ठेवावं लागे.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. जाताना बेत थोड्या दिवसांचा होता, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. का? तर बालविधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करायचे होते. गावोगाव व्याख्यानं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं, १८८७ च्या अखेरीस बॉस्टनला मदतीसाठी संस्था उभी राहिली. परत आल्या आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्याच वर्षी हे प्रवासवृत्त आलं. वर्गणीसाठी ज्यांच्या दारात जायचं त्यांची फक्त वाहवा करावी असा बाणा त्यांचा नाही. अमेरिकेतल्या बायकांच्या संस्था, शाळा, घरं यांचं त्या भरभरून सांगतात, पण तिथल्या मूळ रहिवाशांवर काय अन्याय झाला आणि काळ्या माणसांना कसं वागवतात, हेही सोडत नाहीत. हे त्यांना दिसलं कसं? मला वाटतं, त्या तिथे बघायला गेल्या नव्हत्या, कामाला गेल्या होत्या. कामाच्या माणसाला लोक स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतात, शाळेचे हिशेब दाखवतात, आपसातली भांडणंही सांगतात. पाहुण्याला फक्त दिवाणखाना मिळतो.

स्वयंपाकघरावरून पार्वतीबाई आठवले आठवल्या. देवरूखच्या, तरुणपणी विधवा झालेल्या, धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरल्या. पन्नाशीला टेकल्यावर, इंग्रजी जेमतेम असताना, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करत इंग्रजी शिकल्या. त्यांनी ते पुढे 'माझी कहाणी'त लिहिलंय. त्याला कुणी प्रवासवर्णन म्हणत नाही, कारण त्यात सूर्यास्त नाहीत. माझ्या लेखी ते आहे.

आता परदेशी बायका. तुला ती इंग्लंडची मेरी किंग्जली आवडते ना? टोपी, लांब घागरा, पश्चिम आफ्रिकेतल्या नद्या, खेकसणाऱ्या मगरी. त्याआधीची तिशी कुणी सांगितली का तुला? ती तिशीला येईस्तोवर घरीच होती, आजारी आईची सेवा करत. वडीलही आजारी पडले. १८९२ मध्ये थोड्या अंतराने दोघं गेले, तेव्हा कुठे तिचा पाय मोकळा झाला. तोही अर्धाच, कारण भाऊ घरी असला की त्याचं घर सांभाळायला हिने घरी असायचं. भाऊ पूर्वेकडे गेला की ही आफ्रिकेला. तिचं काम होतं ब्रिटिश म्युझियमसाठी मासे गोळा करणं. काही जातींना पुढे तिचं नाव दिलं गेलं. खर्चासाठी ती कापड, तंबाखू, मासेमारीचे गळ घेऊन जायची आणि त्यावर देवघेव करायची. यात पैशापेक्षा मोठा फायदा होता. एकटी गोरी बाई गावात का आली हे कुणाला कळेना, पण व्यापारी का येतो हे सगळ्यांना कळतं. १८९७ चं तिचं जाडजूड पुस्तक त्यामुळे माणसांचं झालं, नुसतं रानाचं राहिलं नाही. आणि एवढं करून ही बाई बायकांच्या मताधिकाराच्या विरुद्ध! कुणी लेखिका आवडली की ती सगळ्याच बाबतीत आपल्यासारखी असेल असं तू धरून चालतेस, म्हणून सांगितलं. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर कैद्यांची शुश्रूषा करताना विषमज्वराने गेली, ३७ वर्षांची.

माझी लाडकी मात्र इडा फायफर. व्हिएन्नाची. नवऱ्याची कमाई बुडाली तेव्हा चित्रकलेच्या आणि संगीताच्या शिकवण्या करून हिने दोन मुलं वाढवली. मुलं कमावती झाली आणि १८४२ मध्ये ४४ व्या वर्षी ही निघाली. घरच्यांना सांगितलं की इस्तंबूलला मैत्रिणीकडे जाते, गेली जेरुसलेमला. (ही युक्ती तू करू नकोस, मला लोकेशन दिसतं.) पहिल्या पुस्तकाच्या पैशातून दुसरा प्रवास, शिवाय वाटेत किडे, वनस्पती, शिंपले गोळा करून संग्रहालयांना विकायचे. पृथ्वीप्रदक्षिणेत ती हिंदुस्थानात आली, आणि १८४८ च्या सुरुवातीला बैलगाडीने अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद, पुणे करत मुंबईला पोचली. आपल्या भागातून त्या काळी एकटी गेलेली ही मध्यमवयीन ऑस्ट्रियन बाई मला राणी-बिणींपेक्षा जवळची वाटते. लंडनच्या भौगोलिक सोसायटीने बाई म्हणून तिला घेतलं नाही. बर्लिन आणि पॅरिसच्या संस्थांनी मात्र मानाने सभासद केलं.

मुलांचं विचारू नकोस म्हणालीस, तरी लिहिते, कारण या बायकांनाही ते सुटलं नाही. कृष्णभाविनी दास मुलीला कलकत्त्यात सासरी ठेवून नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेल्या आणि १८८५ मध्ये बंगालीत पुस्तक आलं, त्यावर त्यांचं नावही नव्हतं. बायकांच्या हक्कांवर लिहिणारी इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट १७९५ मध्ये वर्षभराची मुलगी आणि दाई घेऊन स्वीडन-नॉर्वेला गेली, तीही ज्या माणसाने तिला दूर लोटलं होतं त्याच्या चांदीच्या हरवलेल्या जहाजाचा पत्ता काढायला. इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यू, हिने १७१७ मध्ये तुर्कस्तानातल्या बायकांच्या न्हाणीघराबद्दल लिहिलं, जे तिच्या आधीच्या पुरुष प्रवाशांना डोळ्यांनी दिसणंच शक्य नव्हतं. तिथे देवी टोचून घेतात हे पाहून तिने स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं. आणि तिच्या पोटच्या मुलीने म्हातारपणी काय केलं? आईची आयुष्यभराची रोजनिशी जाळून टाकली, घराण्याची अब्रू म्हणून! तेव्हा माझ्या वह्यांची चावी तुला मिळणार नाही.

डर्वला मर्फी मात्र तू वाचलीच पाहिजेस. आयर्लंडमधलं लिसमोर हे लहानसं गाव. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं आणि पोरीने ठरवलं, सायकलने हिंदुस्थानात जायचं. १४ व्या वर्षी शाळा सुटली, कारण आई संधिवाताने जखडलेली. आई १९६२ मध्ये गेली. १९६३ च्या जानेवारीत, त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, ही 'रोझ' नावाची सायकल घेऊन निघाली. दिल्लीला पोचल्यावर काय, तर तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी धरमशालेत काम. आजारी माणसाचं करायचा हात तिला होताच. १९६८ मध्ये मुलगी झाली, लग्न न करता, त्या काळच्या आयर्लंडमध्ये! मग मोठे प्रवास थांबवले, परीक्षणं लिहून घर चालवलं, आणि १९७३ मध्ये पाच वर्षांच्या रेचेलला घेऊन मुंबईला उतरली, तिथून गोव्यावरून कुर्गला. २०२२ मध्ये नव्वदीत गेली, त्याच लिसमोरमध्ये. तिच्याकडे ना मोठा वारसा ना कुणाची मेहेरबानी. खर्च कमी ठेवायचा आणि साधं राहायचं, एवढंच तिचं भांडवल.

तर माझा प्रश्न असा. तू जाशील तिथे तुझं काम काय असेल? कॅमेरा हे काम नव्हे. तुझ्या हातात फिजिओथेरपी आहे, तीच सोडून निघालीस हे मला कळत नाही. हिमाचलातल्या किन्नौर-स्पितीत पाठीवर ओझी वाहणाऱ्या बायकांच्या कंबरेला आणि गुडघ्याला हात लावणारं कुणी आलं तर त्या तुला चहा देऊन वाटेला लावणार नाहीत, बसवून घेतील, बोलतील. जे कळेल ते हॉटेलात उतरणाऱ्याला कळणार नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेत सहा महिन्यांची कामाची जागा मिळते का, याची चौकशी कर. राजीनामा नंतर. आधी बिनपगारी रजा मागून बघ. नाही म्हणाले तर मग बघू.

पैशाचं: माझी एक ठेव दिवाळीत पुरी होतेय. त्यातली निम्मी रक्कम तुला देईन, उसनी. व्याज घेणार नाही, पण दर महिन्याला खर्चाचा कागद हवा, चहापाण्यासकट. पहिल्या तीन महिन्यांचा अंदाज आत्ताच लिहून पाठव: भाडं, जेवण, औषधं, परतीचं तिकीट, आणि विम्याचा हप्ता जो तू हमखास विसरशील.

बाबांची समजूत मी काढते. त्यांना तुझ्या जाण्याचा त्रास नाही, 'मुलगी काय करते' असं कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा आहे. "डोंगरात रुग्ण बघते आणि लिहिते" एवढं वाक्य मी त्यांना देऊन ठेवलंय. काल शेजारच्या काकांना त्यांनी ते सांगूनही टाकलं.

आजीला आम्ही अजून काही बोललेलो नाही. ते तूच येऊन सांग, आणि स्पिती म्हणू नकोस, हिमाचल म्हण. तिथे देवळं आहेत एवढं तिला माहीत आहे.

तुझी,
आई