‘कणखर’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार जोखताना चर्चेची भाषा करणारा दुबळा आणि हल्ल्याची भाषा करणारा कणखर ठरतो. २००७ मध्ये बराक ओबामांनी इराणच्या नेत्यांना पूर्वअटींविना भेटण्याची तयारी दाखवली, तेव्हा हिलरी क्लिंटन यांना तो भाबडेपणा वाटला. (त्यांनीच २००२ मध्ये इराकवरील लष्करी कारवाईच्या बाजूने मत दिले होते!) पुढे ओबामा अध्यक्ष असताना, २०१५ च्या अणुकरारात इराणने युरेनियम समृद्धीकरणावर (ते जितके जास्त, तितका अणुबॉम्ब जवळ) ३.६७ टक्क्यांची मर्यादा मान्य केली. निर्बंधांचा दबाव होताच, पण गोळी झाडावी लागली नाही. २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले. नंतर इराण ६० टक्क्यांपर्यंत गेला. लष्कर नकोच असे नाही, १९९१ मध्ये कुवेत सैन्यानेच सोडवला. पण हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय, याचे उत्तर २००३ मध्ये बगदाद पडल्यावर बुश यांच्याकडेही नव्हते. उमेदवाराला तेच आधी विचारावे.

– एक वाचक, सांगली