दोन रकान्यांची दिनदर्शिका : एस्टोनियातल्या ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तयार केलेली एस्टोनियाची दिनदर्शिका आज टॅलिन आणि तार्तूमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत फ्रिजवर लागलेली असते. तोंडी आभार मानून झाले आहेत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण शिकायला किंवा नोकरीला नव्याने येणाऱ्यांना या कागदात काय आहे आणि तो का जपावा, हे कळायला हवं.

सुट्ट्यांची यादी कुठेही मिळते. तुम्ही दोन रकाने आखलेत. डावीकडे कायद्याने सुट्टी असलेले दिवस, उजवीकडे लोक मनापासून पाळतात ते दिवस. हे रकाने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते न जुळणं समजलं की हा देश समजायला लागतो.

डावा रकाना बारा दिवसांचा. त्यातले ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा सातवा रविवार) हे दोन कायम रविवारीच येतात, म्हणजे नोकरदाराच्या हाती दहाच उरतात. ईस्टरच्या सोमवारी फिनलंड आणि लाटव्हियात सुट्टी असते, इथे नसते. त्या सोमवारचं विमानाचं तिकीट काढून ठेवणाऱ्यांची यंदा पंचाईत झाली नाही ती तुमच्या लाल फुलीमुळे. सुट्टी शनिवारी-रविवारी आली तर ती बुडाली, बदली दिवस मिळत नाही. नववर्षदिन, स्वातंत्र्यदिन, विजयदिन आणि नाताळची पूर्वसंध्या यांच्या लगेच आदला दिवस, म्हणजे ३१ डिसेंबर, २३ फेब्रुवारी, २२ जून आणि २३ डिसेंबर, कामाचा असेल तर तीन तासांनी छोटा होतो. २३ फेब्रुवारी रविवारी आला म्हणून शुक्रवारी लवकर निघता येत नाही. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर त्या तासांचे दुप्पट पैसे, किंवा दोघांच्या संमतीने तेवढी मोकळीक. रात्रपाळी असेल तर सुट्टीच्या तारखेत येणारे तासच धरायचे, हेही तुम्ही कंसात लिहिलंत.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो रजेच्या हिशेबाचा. इथली वार्षिक रजा २८ दिवसांची, पण ती कॅलेंडरच्या दिवसांत मोजतात. शनिवार-रविवार रजेत धरले जातात, सार्वजनिक सुट्ट्या मात्र धरल्या जात नाहीत. २३ जून मंगळवारी आला आणि सोमवार ते रविवार रजा टाकली, तर सातऐवजी पाचच दिवस खर्ची पडतात. भारतातल्या कामाच्या दिवसांच्या हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे कोणी आपणहून सांगत नाही.

२४ फेब्रुवारीसाठी तुम्ही अख्खं पान दिलंत, आणि ते योग्यच आहे. १९१८ साली २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पार्नूच्या नाट्यगृहाच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, दुसऱ्या दिवशी टॅलिनमध्ये तो जाहीर झाला. सोव्हिएत काळात हा दिवस आणि निळा-काळा-पांढरा ध्वज दोन्हींवर बंदी होती. १८८४ साली ४ जूनला ओतेपॅ इथे अर्पण झालेला मूळ ध्वज त्या काळात एका शेतघरात लपवून ठेवला होता. आज तो तार्तूच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टॅलिनच्या पिक हेर्मान बुरुजावर १९८९च्या २४ फेब्रुवारीला निळा-काळा-पांढरा ध्वज पुन्हा चढला. म्हणून त्या दिवशी साडेसातच्या सुमारास, सूर्योदयाला, कडाक्याच्या थंडीत लोक बुरुजाखाली उभे राहून राष्ट्रगीत गातात. तिथे जायचं तर बर्फावर घसरणार नाहीत असे बूट घालायचे आणि राष्ट्रगीत सुरू असताना टोपी काढायची. इतकंच लिहिलंत, आणि तेवढं पुरतं.

घरावरच्या ध्वजाबद्दलची तुमची टीप प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावी अशी आहे. २४ फेब्रुवारी, २३ जून आणि २० ऑगस्ट या तीन दिवशी राहत्या इमारतींवरही ध्वज लावणं बंधनकारक असतं. सदनिकांच्या इमारतीत ते काम सोसायटी करते, पण स्वतंत्र घर भाड्याने घेतलं असेल तर ध्वज आणि काठी कुठे ठेवली आहे ते घरमालकाला आधीच विचारावं. सकाळी आठच्या आत लावायचा, सूर्यास्ताला उतरवायचा, आणि सूर्यास्त उशिरा असेल तर रात्री दहापर्यंत. फक्त २३ जूनच्या रात्री, म्हणजे यानिपाएव या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आदल्या रात्री, तो उतरवत नाहीत. नेहमीचं माप १०५ बाय १६५ सेंटिमीटर. निळा पट्टा वर. उभा लटकवला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला निळा. बर्फाने किंवा पावसाने भिजलेला ध्वज तसाच घडी घालून ठेवला तर त्याला बुरशी धरते, म्हणून आधी घरात पसरून वाळवायचा.

२४ फेब्रुवारीच्या खाण्यात राईच्या काळ्या पावावर लोणी, मसाल्यात मुरवलेले किलु नावाचे छोटे मासे, उकडलेल्या अंड्याची चकती आणि कांद्याची पात. मासे कागदावर टिपून घ्यायचे, नाहीतर त्यांच्या खारट पाण्याने पाव लिबलिबीत होतो.

जूनचे दोन दिवस नवख्या माणसाला एकच वाटतात. २३ तारीख विजयदिन, १९१९ साली लाटव्हियातल्या त्सेसिसजवळ जिंकलेल्या लढाईची. २४ तारीख यानिपाएव, म्हणजे संत जॉनचा दिवस, पण मुळात मध्य-उन्हाळ्याचा जुना लोकोत्सव. दोन्हींना जोडते ती आग. राष्ट्राध्यक्ष २३ला सकाळी विजयज्योत पेटवतात, ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली जाते आणि संध्याकाळच्या होळ्या तिच्यावर पेटतात. आपल्याकडच्या होळीची आठवण येणारच. पण इथे बोंब नाही. गाणी, लाकडाचा मोठा झोका आणि रात्रभर न मावळल्यासारखा उजेड. लहान आग इमारतीपासून किमान ८ मीटर आणि एक मीटरपेक्षा मोठा ढीग असेल तर २० मीटर लांब ठेवायची. रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक, कचरा जाळायचा नाही. पाण्याची बादली आधी भरायची, मग काडी ओढायची. कोरड्या उन्हाळ्यात जंगलात आगीवर बंदी येते, ती त्या दिवशीच बघून घ्यायची. गवतात बसण्याआधी लांब पँट आणि मोजे, कारण गोचिडांमुळे मेंदूज्वर होऊ शकतो आणि त्याची लस इथे मिळते. सारेमा किंवा हिउमा बेटावर जायचं तर फेरीबोटीत गाडीची जागा काही आठवडे आधी राखून ठेवायची. परतताना पोलिसांची तपासणी ठरलेली, आणि दारूची मर्यादा इतकी कमी आहे की चालकाने काहीच न घेणं हेच बरं.

पेंटेकॉस्ट, १ मे आणि नववर्षदिन तुम्ही प्रत्येकी एका ओळीत संपवलेत. ते बरोबरच. २० ऑगस्टला मात्र १९९१च्या त्या रात्रीची आठवण दोन ओळींत दिलीत, जेव्हा मॉस्कोतल्या उठावाच्या गडबडीत टॅलिनच्या सर्वोच्च परिषदेने स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित केलं.

आता उजवा रकाना, जो इतर कुठल्याही यादीत मिळत नाही. १४ जूनला कामावर जायचं असतं, बँका उघड्या असतात, पण ध्वज शोकात असतो. १९४१ साली त्या दिवसापासून सोव्हिएत सत्तेने दहा हजारांहून अधिक माणसं रेल्वेच्या गुरांच्या डब्यांतून हद्दपार केली. १९४९च्या २५ मार्चपासून वीस हजारांहून अधिक. म्हणून २५ मार्चला टॅलिनच्या स्वातंत्र्य चौकात मेणबत्त्या लागतात. या दोन्ही दिवशी सहकाऱ्याला हसत ‘काय विशेष?’ असं विचारू नये, हे तुमचं वाक्य आम्ही नव्या प्रत्येकाला वाचून दाखवतो. अनेक घरांतली आजी त्या डब्यात होती.

२ नोव्हेंबर पूर्वजांच्या आत्म्यांचा. खिडकीत मेणबत्ती लावतात, आवाज कमी ठेवतात. सर्वपित्री ज्यांच्या घरी होते त्यांना हा दिवस समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्याचा दुसरा रविवार आईचा. फुलं न्यायची ती विषम संख्येत, तीन, पाच, सात. सम संख्या फक्त अंत्यविधीला आणि कबरीवर. डझनाच्या हिशेबाने गुलाब घेणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही एक ओळ लाखमोलाची आहे.

नाताळात २४ डिसेंबर हाच मुख्य दिवस, २५ नव्हे. दुपारी बाराला टॅलिनच्या टाउन हॉल चौकात नाताळची शांतता जाहीर होते. त्यानंतर लोक दफनभूमीत जातात. तिथे साधी मेणबत्ती वाऱ्याने विझते. झाकणाच्या डब्यातली, कबरीसाठीची वेगळी मिळते, ती घ्यावी. दुकानं लवकर बंद होतात, बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, म्हणून खरेदी २३लाच उरकावी. मुलांना सांताकडून भेट घ्यायची तर कविता म्हणावी लागते, आणि मराठी कविताही चालते, ही तुमची टीप मुलांच्या फार आवडीची.

शाकाहाऱ्यांची तुम्ही घेतलेली काळजी वेगळी नोंदवायला हवी. नाताळच्या ताटातल्या वेरिवोर्स्ट सॉसेजमध्ये डुकराचं रक्त असतं हे स्पष्ट लिहिलंत. मुल्गिकाप्साद, म्हणजे आंबवलेल्या कोबीची भाजी, बघायला शाकाहारी वाटते, पण तळाशी डुकराचं मांस असतं. तुमचा बिनमांसाचा प्रकार आता बऱ्याच घरी होतो. तळाला १०० ग्रॅम लोणी, त्यावर एक किलो आंबवलेला कोबी, वर धुतलेलं १५० ग्रॅम जव, कोबी जेमतेम बुडेल इतकं पाणी. मंद आचेवर झाकून दीड ते दोन तास, आणि जव मऊ होईपर्यंत ढवळायचं नाही. ढवळलं की जव खाली बसून करपतं आणि कोबीला जळका वास लागतो. शेवटी मीठ, साखर, मग ढवळणं, सोबत उकडलेले बटाटे.

पुढच्या आवृत्तीसाठी दोन विनंत्या. लेंटआधीच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधीच्या) मंगळवारचा घसरगाडीचा दिवस उजव्या रकान्यात हवा. तो ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, त्या दिवशी वाटाण्याचं सूप आणि साय भरलेला बन असतो, आणि सूपात डुकराचे पाय असतात हे लिहायला विसरू नका. दुसरं, ईस्टरची अंडी कांद्याच्या सालींत रंगवायची कृती द्या. साली आम्ही आत्तापासून साठवतो आहोत.

तुमचीच,
टॅलिन आणि तार्तूमधली मराठी मंडळी