शाहू स्टेडियमवर फक्की मारणाऱ्या हातांना

पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा. संघ कोणताही असो, पेठ कोणतीही असो, कोल्हापूरच्या फुटबॉलशौकिनांच्या आठवणी शाहू स्टेडियमच्या पांढऱ्या रेषांत गुंतलेल्या आहेत. फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, त्या आखणाऱ्या अनाम मंडळींचे मनापासून आभार. कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीने ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण धरायचा. तो चुकला की अख्खं मैदान तिरकं जातं. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर, मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं. कळीचा चुना कातडी आणि डोळे भाजतो, म्हणून फक्कीच. आणि जाळी! तिची खालची कड खुंट्यांनी ताणली नाही, तर चेंडू खालून निसटतो आणि गोल झाला की नाही यावरून दोन्ही पेठा पेटतात. त्या खुंट्यांसाठी वेगळे आभार.