दीपकाडी राखणाऱ्या काकूंना

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

मे महिन्याच्या अखेरीस रस्त्याच्या कामाला सड्यावर, आपल्या त्या कातळाच्या माळावर, जेसीबी आला, तेव्हा तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. तापलेला जांभा आणि वाळकं गवत. तरी तुम्ही मशीन थांबवायला लावलंत, नेमक्या त्या तुकड्याभोवती चिरे मांडलेत आणि रस्ता पलीकडून न्यायला लावलात. वर एक पान नसताना खाली दीपकाडीचे, त्या पावसाळी रानफुलाचे, कांदे कुठवर पसरलेत, हे वाडीत दुसरं कोण सांगू शकलं असतं? गुरांमागे आयुष्यभर तुम्हीच तिथून चालत आलात.

मृगाचा पाऊस झाला आणि कातळाच्या खळग्यांतल्या वीतभर मातीतून पाती वर आली, मग दांडे, मग फुलं. मी ओणवा होऊन पाहिली. पांढरीशुभ्र, सहा पाकळ्यांची. पाकळ्या खाली जुळून नळी झालेली, बाहेरच्या तीन जास्त मागे वळलेल्या. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये या झाडाचं वर्णन छापलं आणि कोकणाचं नाव त्याला कायमचं जोडलं. कोकण-गोव्याचा किनारी पट्टा सोडला तर जगात ते कुठेच उगवत नाही, काकू. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे हेच त्याचं मुख्य घर.

आणि सातबारावर हीच जमीन पोटखराबा! पडीक म्हटली की कुणीही फोडावी. चिरेखाण निघाली, नाहीतर सुरुंग लावून आंब्याची कलमं लावली, की कांद्यांसकट सगळं गेलं. शेजारच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्याचा मला फार आनंद आहे. पण त्याच कातळावर जिवंत उभ्या असलेल्या या फुलाकडे अजून फारसं कुणाचं लक्ष नाही. तुमचं होतं, कुणी न सांगता. त्यासाठी मी तुमचा ऋणी आहे, आणि हे चारचौघांत सांगावंसं वाटलं म्हणून हे उघडं पत्र.

बी धरेपर्यंत तुम्ही गुरं दुसरीकडून नेलीत, तेही आईने सांगितलं. गणपतीला येतो आहे. त्या चिऱ्यांच्या जागी गडगा घालायचा की नुसती खूण पुरे, ते तुम्ही ठरवा. दगड वाहायला मी आणि भाऊ आहोत.

तुमचा,
खालच्या वाडीतला