मंदीतही ठरल्या तारखेला पैसे दिलेत, त्याबद्दल

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार.

आम्ही बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतले (सरकारी औद्योगिक वसाहतीतले) छोटे कारखानदार. आमच्यात कुणी ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवतं, कुणी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) शाफ्ट आणि बुश काढतं, कुणी तांब्याच्या पट्ट्यांवर टिन प्लेटिंग (कथिलाचा मुलामा) करून देतं. २०२०-२१ च्या मंदीत तुमच्या कारखान्याने आमच्याशी जो व्यवहार ठेवला, त्याचे आभार आम्ही सगळे मिळून मानत आहोत. पत्र उघड लिहिलं आहे ते मुद्दामच. तुम्ही जे केलंत ते इतर मोठ्या कारखान्यांनाही जसंच्या तसं उचलता येईल, आणि पुढची मंदी यायच्या आत त्यांनी ते उचलावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन (जीडीपी) आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं. ऑर्डरी कमी होणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. कमी ऑर्डरीवर छोटं वर्कशॉप तग धरतं. पाळी एक होते, ओव्हरटाइम बंद होतो, मालक स्वतः मशिनवर उभा राहतो. पण केलेल्या कामाचे पैसे अडकले की ते बसतं, आणि का बसतं हे बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही.

१० लाखांचा माल गेला, तर १८ टक्के जीएसटी धरून बिल ११,८०,००० रुपयांचं होतं. त्यातला १,८०,००० चा कर, खरेदीवर दिलेला कर वजा करून, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारात भरायचा. गिऱ्हाइकाचे पैसे आले नाहीत म्हणून ही तारीख थांबत नाही. पत्र्याचे, वेल्डिंग वायरचे, विजेचे आणि पगाराचे पैसे तर आधीच गेलेले असतात. एवढ्यावर भागत नाही, कारण पुढे बँक येते. कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्याची) ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचल घेता येईल तो आकडा, काढताना बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी धरत नाहीत. समजा येणी ४० लाखांची आहेत आणि मार्जिन (बँक कर्ज न देता राखून ठेवते तो हिस्सा) २५ टक्के, तर त्यावर ३० लाख उचलता येतात. त्यातली १५ लाखांची बिलं ९० दिवसांपलीकडे गेली, की तोच आकडा १८ लाख ७५ हजारांवर येतो. म्हणजे गिऱ्हाइकाने १५ लाख थकवले, आणि त्याच महिन्यात बँकेनेही सव्वाअकरा लाखांनी हात आखडला. पत्रा उधारीवर मिळत नाही, लेथ थांबतो. दहा वर्षं हाताखाली तयार झालेला वेल्डर गावी निघून जातो आणि बहुधा परत येत नाही.

हे चक्र तुम्ही पहिल्या दाताशीच अडवलंत.

सर्वांत मोठं काम झालं ते तुमच्या स्टोअरमध्ये. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पळवाट निघते ती दिवस मोजायला कधीपासून सुरुवात करायची यात. माल गेटवर उतरतो, इनवर्ड होतो (आवक नोंदली जाते), पण जीआरएन (माल मिळाल्याची पावती) निघत नाही. इन्स्पेक्टर रजेवर आहे, गेज कॅलिब्रेशनला गेलंय, अशी वीस दिवस कारणं चालतात आणि अकाउंट्सवाले म्हणतात, ‘तुमचे ४५ दिवस अजून सुरूच झाले नाहीत.’ वास्तविक १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरायचा, असं कायद्यातच आहे. तुमच्या जीआरएनच्या कागदावर एका ओळीत चार तारखा छापलेल्या असतात : गेटवर आल्याची, तपासणीची, स्वीकाराची आणि पैसे देय असल्याची. चौथी तारीख पहिलीवरून मोजलेली असते. तपासणी तीन कामाच्या दिवसांत झाली नाही, तर कागद थेट वर्क्स मॅनेजरच्या टेबलावर जातो. एवढ्या एका ओळीने आमची किती भांडणं वाचली, हे आम्हालाच माहीत.

टाक्यांच्या बाबतीत तर तुमचा इन्स्पेक्टर आमच्या शेडमध्येच यायला लागला. टाकीत हवेचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं आणि बुडबुडा दिसला की खडूने गोल करायचा. गळती बहुतेक वेळा कोपऱ्यावर सापडते, कारण तिथे वेल्डर हात वळवतो, आर्क तुटते आणि पुन्हा सुरू करताना पिनहोल राहतं. शेडमध्ये सापडलं तर तेवढा भाग ग्राइंड करून पुन्हा वेल्ड मारायला अर्धा तास पुरतो. तुमच्याकडे पोचल्यावर सापडलं असतं तर टेम्पोची दोन भाडी, रिजेक्शन नोट, मालाचं नवं चलान, आणि बिल पुढच्या पंधरवड्यावर.

दुसरं, ट्रेड्स, म्हणजे छोट्या पुरवठादारांच्या बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवायची ऑनलाइन सोय. आम्ही बिल चढवायचं, तुम्ही ते स्वीकारायचं, मग बँका व्याजदराची बोली लावतात आणि साधारण पुढच्या कामाच्या दिवशी पैसे आमच्या खात्यात येतात. मुदतीला बँक तुमच्याकडून वसूल करते, आणि तुम्ही चुकलात तरी आमच्या दारात येत नाही. अनेक ठिकाणी कंपनीची नोंदणी असते, पण स्वीकाराचं बटण कुणी दाबत नाही. दाबायला गेलंच, तर पीओचा (खरेदी ऑर्डरचा) दर, जीआरएनचे नग आणि बिलाची रक्कम जुळत नाही म्हणून ते अडकतं. तुम्ही त्यासाठी एक माणूस नेमलात आणि व्याजाचा बोजा स्वतःकडे घेतलात. ११,८०,००० वर ६० दिवसांचं ८ टक्क्यांनी व्याज धरलं तरी साडेपंधरा हजार होतात. तुमची पत धरून तो दर मिळाला. आमची पत धरून तो मिळाला नसता.

तिसरी गोष्ट भावाची, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मार्च २०२० मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला ५,००० डॉलरच्या खाली होतं, मे २०२१ मध्ये ते १०,००० च्या वर गेलं. वीज कंपन्यांच्या टेंडरमध्ये मोठ्या कारखान्यांना भावफरकाचं कलम मिळतं. खालच्या पुरवठादाराला मात्र बहुतेक जण ‘फर्म रेट’ (न बदलणारा भाव) लिहून देतात. वरून फरक घ्यायचा आणि खाली द्यायचा नाही, हे आमच्या मते सरळ अन्यायाचं आहे. तुम्ही आमच्या पीओवरही तेच सूत्र घातलंत, आधार महिना (ज्याच्या भावापासून फरक मोजायचा तो) लिहून, आणि भाव उतरला तर आमच्याकडून कापूनही घेतलंत. कापल्याची आमची काही तक्रार नाही. सूत्र दोन्ही बाजूंनी चाललं म्हणूनच आम्ही बिनधास्त कोटेशन देऊ शकलो.

ज्यांच्याकडे खेळतं भांडवल उरलंच नव्हतं, त्यांना तुम्ही पत्रा स्वतःचा पाठवून जॉबवर्क (फक्त मजुरीचं काम) दिलंत. यात हिशेब चोख लागतो. आलेल्या प्लेटचं वजन हे टाकी, स्क्रॅप आणि कापण्यातली घट यांच्या बेरजेएवढं भरलं पाहिजे, आणि माल वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, नाहीतर तो विकला असं धरून कर लागतो. कटिंग प्लॅन तुमच्याच ड्रॉइंग ऑफिसने करून दिला, त्यामुळे स्क्रॅपवरून वाद झाला नाही. शिवाय दर महिन्याला तीन महिन्यांचं शेड्यूल यायचं, त्यातला पहिला महिना पक्का, पुढचे दोन अंदाजाचे. पक्क्या महिन्यात तुम्ही एकदाही बदल केला नाहीत.

सरकारची मदतही आली, नाही असं नाही. २९ फेब्रुवारी २०२० च्या शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत हमीचं जादा कर्ज मिळालं. पण ते शेवटी कर्जच. त्याचे हप्ते फिटले ते तुमच्या शेड्यूलमुळे.

बडोद्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून कारागीर घडवायची सोय केली आणि २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. हात आणि पत, दोन्हींची तजवीज या शहरात शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. तुमच्या आयटीआयच्या अप्रेंटिस मुलांना त्या वर्षी घरी न पाठवता जुन्या डाय दुरुस्त करायला बसवलंत, तेव्हा आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी कलाभवनाचीच आठवण काढली.

एक विनंती मात्र आहे. रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाचे पैसे कापल्याचा कागद) अजूनही कधी कधी दोन-तीन महिन्यांनी येते. तोवर तो लॉट कुणी वेल्ड केला, वायर कोणत्या बॅचची होती, हे शोधणं कठीण जातं. ती पंधरा दिवसांत मिळाली, आणि सोबत दोषाचा एक फोटो असला, तर चूक जिथे झाली तिथेच सुधारता येईल.

दसऱ्याला सकाळी शेडमध्ये मशिनची पूजा असते. या वेळी तुम्ही यावंच, आणि स्टोअरच्या व अकाउंट्सच्या मंडळींनाही बरोबर आणावं. त्यांचे आभार आम्हाला समोरासमोर मानायचे आहेत.

आपले नम्र,
मकरपुऱ्यातले तुमचे पुरवठादार
बडोदा